हरणाऱ्या संघाची मास्तरीणबाई

ऐंशीच्या दशकात मी ओहायोमधल्या एका लहानशा कॉलेजात गणित शिकायला गेले आणि पहिल्याच महिन्यात तिथल्या फुटबॉल संघाची मास्तरीण झाले. यात माझं कर्तृत्व काही नाही. विभागप्रमुखांनी विचारलं, "खेळाडूंची शिकवणी घ्यायला कोणी तयार नाही. तुम्ही घ्याल का?" मी हो म्हटलं. माझे वडील मिरजेच्या एका शाळेत गणित शिकवत. शिकवायला कोणी बोलावलं आणि नाही म्हटलं, असं आमच्या घरात कधी घडलेलं नाही. न बोलावता शिकवल्याची उदाहरणं मात्र पुष्कळ आहेत.

संघ त्या वर्षी हरत होता. अधूनमधून नव्हे, नेमाने. एखाद्याची एकादशी चुकेल, पण आमचा शनिवारचा पराभव चुकायचा नाही. सप्टेंबरात एक सामना बरोबरीत सुटला, तेव्हा काकांनी दूध पावडरचे पेढे करवून वाटले.

हे काका म्हणजे गावातल्या एकुलत्या एक मराठी घराचे मालक. मूळचे नागपूरचे, हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. आठवडाभर ते लोकांची शुद्ध हरपवायचे आणि शनिवारी दुपारी स्टेडियमवर त्यांची स्वतःची हरपायची. डोक्यावर संघाची टोपी, हातात झेंडा, आणि उंटावरून शेळ्या हाकायला वरच्या रांगेतली जागा. शेजारी काकू, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन, विणकाम करत. मला ते दर सामन्याला घेऊन जात, कारण एकट्या मुलीने शनिवारी घरी बसून काय करायचं.

पहिल्याच सामन्यात मी त्यांना तोंडघशी पाडलं. तिकडचा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो. समोरच्या संघाचा एक पोरगा चेंडू बगलेत मारून जवळजवळ अर्धं मैदान पळाला, आमच्या चौघांना चुकवलं. मी उठून टाळ्या वाजवल्या. मिरजेत क्रिकेटच्या सामन्याला आम्ही असंच करायचो. चांगला फटका मारला की टाळी, मग तो सांगलीचा का असेना. आमच्या रांगेतली चाळीस माणसं माझ्याकडे वळली.

"अगं, ते त्यांचे!" काका कुजबुजले.

"पण धावला छान."

"छान काय छान! डिफेन्स कुठे होता आपला? बस खाली, प्लीज."

मी बसले, पण सवय गेली नाही. त्या हंगामात टाळ्या वाजवण्यासारखं जे काही घडलं, ते बहुतेक समोरच्यांनीच केलं, याला मी काय करणार?

संघाचे कोच नवे होते. आधीचे कोच आडदांड, शिट्टीपेक्षा मोठ्या आवाजाचे आणि जिंकणारे. त्यांच्या काळात खेळाडू सामने जिंकत आणि परीक्षा हरत. निम्मे पदवी न घेताच घरी परतत. कॉलेजने त्यांना निरोप दिला आणि हे नवे गृहस्थ आणले. किडकिडीत, चष्मा लावणारे, आधी कुठल्याशा शाळेत इतिहास शिकवणारे. त्यांनी येताच नियम केला. ज्याचा एखादा विषय कच्चा, त्याच्या नावाचं निळं कार्ड. शिकवणीला आला की शिकवणाऱ्याने 'आला' लिहून सही करायची, नाही आला की 'नाही'. एक 'नाही' पडलं की येत्या शनिवारी तो बाकावर. मग तो कोणी का असेना.

"तुमची सही शेवटची," ते पहिल्या दिवशी मला म्हणाले. "मी तिच्यावर प्रश्न विचारणार नाही."

काय सांगू, मला हे फार आवडलं. चोवीस वर्षांच्या मुलीच्या एका सहीवर शंभर किलोचा माणूस बाकावर बसतो, ही सत्ता मिरजेच्या मुख्याध्यापकांनाही नव्हती.

सप्टेंबरअखेर मी ती वापरली. संघातला सगळ्यात दांडगा गडी शिकवणीला दांडी मारून गेला आणि मी स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं. त्या शनिवारी आम्ही नेहमीपेक्षा जरा जास्त हरलो. काका गाडीत घरापर्यंत बोलले नाहीत आणि घरी पोचल्यावर थांबले नाहीत.

"एक सही केली असतीस तर काय बिघडलं असतं? तो आपला बेस्ट प्लेयर आहे यार!"

"काका, खोटी सही आमच्या घरात कोणी केली नाही." आणि मग मी त्यांना सत्य या विषयावर व्याख्यान दिलं, जेवणाच्या ताटावर, वरण निवेपर्यंत. काकूंनी मध्येच वरण पुन्हा गरम करून आणलं. आज आठवलं की कानशिलं तापतात.

रविवारी सकाळी स्थानिक रेडिओवर कोचचा अर्धा तास असायचा. काका तो ऐकायचेच, दुखरा दात जिभेने चाचपावा तसे. कोच दर वेळी एकच म्हणत, "कालची चूक माझी." कोणी चेंडू सोडला, चूक माझी. पाऊस पडला, चूक माझी. "हा माणूस सगळी पापं स्वतःच्या खात्यावर घेतो," काका म्हणत, "गेम कधी विन करणार?" मीही हसायचे. इतक्या सहज जी कबूल होते, ती चूक कसली, असं मला वाटायचं.

माझ्याकडच्या मुलांमध्ये एक चौथ्या वर्षाचा होता. लांब टांगांचा, मृदू बोलणारा, अलाबामातून आलेला. लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलायचा, हे त्याचं मैदानावरचं काम. बीजगणिताने मात्र त्याला दोनदा झेलून टाकून दिलं होतं. मंगळवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी चारला तो यायचा, वही उघडून सरळ बसायचा आणि 'येस मॅम' म्हणायचा. समजलं तरी 'येस मॅम', नाही समजलं तरी 'येस मॅम'. कोणता कोणता हे ओळखायला मला महिना लागला.

त्याने एकदा आईची गोष्ट सांगितली. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती, शनिवार-रविवारसुद्धा. पोराचा सामना तिने तीन वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. पहिल्या वर्षी त्याने तिला संघाच्या कपड्यातला, सामन्यानंतरचा फोटो पाठवला. तिचा फोन आला. "फोटो छान आहे बाळा, पण तू खेळला नाहीस. शर्ट स्वच्छ आहे." तो खरंच बाकावर बसून होता. पुढे खेळू लागला, तेव्हा ती बघायला नव्हती.

"या वर्षी येतेय," तो म्हणाला. "नोव्हेंबरात पालकांचा दिवस असतो, शेवटच्या वर्षाच्या मुलांचा. तिने तेवढा एक शनिवार मागून घेतलाय."

तो सामना एक नोव्हेंबरला, शनिवारी होता. त्याच्या आधीच्या रविवारी मी चारला शिकवणीच्या खोलीत जाऊन बसले. माझ्या मनगटावर वडिलांचं घड्याळ होतं. निघताना त्यांनी स्वतःच्या हातातलं काढून दिलेलं. शाळेची घंटा शिपाई त्या घड्याळावर द्यायचा, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र घड्याळाला नसतं. चार वाजले, सव्वाचार झाले, साडेचार झाले. त्याचा पत्ता नाही. भिंतीवरचं घड्याळही माझ्याच बाजूने होतं. चार चाळीसला मी कार्डावर 'नाही' लिहिलं, सही केली, कोचच्या दाराखालून आत सरकवलं आणि रागारागाने घरी आले. आई येणार म्हणून पोरगा हवेत गेला, असं मला वाटलं. 'मीच खेळणार, मला कोण बसवतो!' असं त्याच्या मनात असणार.

सोमवारी आठच्या वर्गासाठी मी पोचले, तर इमारतीत चिटपाखरू नव्हतं. जिना पुसणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "आज फार लवकर, मिस? अजून सातच वाजलेत."

मी घड्याळ दाखवलं. तो हसला. या देशात वसंतात सगळी घड्याळं तासभर पुढे नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तासभर मागे आणतात, हे मला त्या जिन्यात कळलं. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. त्या शनिवारी सामना परगावी असल्याने काका-काकू दोन दिवस कोलंबसला महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला गेले होते, माझ्याकडे टीव्ही नव्हता, आणि ज्यांना एखादी गोष्ट वर्षानुवर्षं माहीत असते, त्यांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही. भिंतीवरचं घड्याळ मागे करणारा माणूस कामावर येत होता सोमवारी. म्हणजे मी रविवारी दुपारी तीनला जाऊन बसले होते आणि चारला वीस मिनिटं कमी असताना निघून आले होते.

विभागात टपालाचे खण होते. माझ्या खणात एक वहीचा कागद होता. दहाच्या दहा गणितं सोडवलेली, खाली त्याच्या गोल अक्षरात दोन ओळी. 'मॅम, मी चार ते साडेपाच थांबलो. तुम्ही बऱ्या असाल अशी आशा करतो.'

दहापैकी नऊ बरोबर होती.

त्या क्षणी उठून कोचकडे जायला हवं होतं. मैदान पाच मिनिटांवर होतं. पण मी वर्गावर गेले. दुपारी कळलं की कोचनी सकाळी सहाच्या बैठकीत त्याचं नाव वाचून दाखवलंय. शनिवारी तो बाकावर. झालं ते झालं, आता जाहीर झाल्यावर कसं बदलणार, असं मी स्वतःला सांगितलं. मग म्हटलं, मंगळवारी तो स्वतःच विषय काढेल, तेव्हा बघू. मंगळवारी तो वेळेच्या आधी येऊन बसला, वही उघडली आणि 'येस मॅम' म्हणाला. विषय काढला नाही. मला त्याचाच राग आला. भांडला असता तर माझी सुटका झाली असती!

खरी गोष्ट सांगायची तर मला काकांची भीती वाटत होती. त्यांच्या ताटावर मी सत्याचं व्याख्यान दिलं होतं ना. बुधवारी त्यांचा फोन आला. "ऐकलंस का? आपला कॅचर पण बेंचवर! कोणी लिहिलं गं ते 'नाही'?" मी म्हटलं, दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

आणि घड्याळ मी मागे केलं नाही. आठवडाभर मनातल्या मनात एक वजा करत हिंडले. वडिलांचं घड्याळ मागे फिरवायचं म्हणजे त्याला चुकीचं ठरवायचं, असली काहीतरी समजूत. गणितात एम.एस. करणाऱ्या बाईची! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभ अजून जळायचा होता.

शुक्रवारी संध्याकाळी दार वाजलं. तो उभा होता आणि त्याच्या कोपराइतक्या उंचीची एक बाई, डोक्यावर जांभळी हॅट, हातात रताळ्याचा 'पाय' हा तिकडचा गोड पदार्थ. बसमध्ये रात्रभर आणि दिवसभर मांडीवर धरून आणलेला. रताळं असं गोड करून कणकेच्या पारीत भाजतात हे मला ठाऊक नव्हतं. पारीचा एक कोपरासुद्धा तुटलेला नव्हता.

"तुम्हीच त्या," ती माझे दोन्ही हात धरून म्हणाली. "हा प्रत्येक पत्रात लिहितो. मॅम कडक आहेत, पण त्यांचा शब्द सरळ आहे."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. माझ्याकडे एकच होती, तो उभाच राहिला.

"उद्या हा खेळणार नाही, कळलं मला," ती म्हणाली. "तुमच्या शिकवणीला गेला नाही म्हणे. चूक याचीच आहे, यानेच सांगितलं. मी म्हटलं, मग बाई काय करणार, त्यांनी त्यांचं काम केलं. मी बाकावर बसलेला बघीन. एवढी आलेय तर."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. आईसमोर त्याने खोटं सांगितलं होतं, माझा शब्द सरळ राहावा म्हणून. खोट्या सहीवर व्याख्यान देणारी मी, माझी खोटी सही तो पाच दिवस सांभाळत बसला होता. मला इतकी लाज वाटली की मी उभ्याउभ्या रडायला लागले.

"तो आला होता," मी म्हटलं. "चारला आला, साडेपाचपर्यंत बसला. मीच नव्हते. माझं घड्याळ चुकलं आणि सोमवारपासून मला ते माहीत आहे."

मग मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्या दोघांसमोर काटे एक तास मागे फिरवले. आईने तो गोड पदार्थ टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सुरी आहे का घरात? आधी खाऊन घ्या. मग जिथे जायचं तिथे जा."

काकांना फोन केला. ते गाडी घेऊन आले, वाटेत सगळं ऐकलं. हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

कोच घरापुढे पालापाचोळा गोळा करत होते. मी धडाधडा सांगून टाकलं. त्यांनी दाताळं झाडाला टेकवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. चूक माझी."

माझं डोकंच फिरलं. "नाही! ही माझी आहे! दर वेळी तुम्हीच काय घेता? एक तरी दुसऱ्याला राहू द्या!"

काकांनी गाडीची काच वर केली. पुढे अनेक वर्षं ते हा प्रसंग पाहुण्यांना सांगायचे. अमेरिकेत दोन माणसं एका चुकीसाठी भांडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिली, म्हणायचे.

कोच मोठ्याने हसले, त्या हंगामात मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. "बरं. घ्या तुम्हीच. तो उद्या खेळेल. पण उद्या सकाळी पोरांसमोर तुम्ही सांगायचं. आणि आमच्याकडे जो शिकवणी चुकवतो, तो सोमवारी सकाळी स्टेडियमच्या पायऱ्या चढतो. तळापासून टोकापर्यंत, दहा वेळा."

शनिवारी सकाळी मी खेळाडूंच्या खोलीत बाकावर उभी राहिले, तरी काहींच्या खांद्याशीच आले. देशातली घड्याळं मागे गेली आणि मी गेले नाही, असं सांगितलं. मागून कोणीतरी खुसकन हसलं, मग सगळी खोली. सप्टेंबरात मी बसवलेला दांडगा गडी सगळ्यात जास्त हसला, आणि त्याने मला बाकावरून अलगद उचलून खाली ठेवलं.

सामन्याला आई आमच्या रांगेत बसली, मी आणि काका यांच्या मध्ये. तिला खेळातलं काडीचं कळत नव्हतं. सगळी हेल्मेटं सारखीच, म्हणून मी तिला पोराचा नंबर दाखवला. त्यानंतर ती नंबर विसरून सगळ्यांना टाळ्या वाजवू लागली. आमचा कोणी पडला, टाळी. समोरच्यांनी गोल केला, टाळी. मीही वाजवल्या. काकांनी दोन्ही हातांत डोकं धरलं, मग काकूंकडून चिवडा मागून घेतला.

पोराने पहिला चेंडू सोडला. दुसराही. तिसऱ्या सत्रात एक चेंडू उंच आला, तो मागे वळून पळाला, उडाला, झेलला आणि समोरच्यांच्या दोघांखाली चिखलात गाडला गेला. ते दोघे उठले. मग तो उठला, चेंडू हातात घेऊन. काकांनी टोपी उडवली ती खालच्या रांगेत कोणाच्या तरी कॉफीत पडली.

आम्ही हरलो, हे वेगळं सांगायला नको. बऱ्याच फरकाने हरलो.

"जिंकलो का?" आईने विचारलं.

"नाही."

"वाटलंच," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली. गुडघे दुखत होते, मी हात दिला. दोनच दिवसांनी त्याच पायऱ्या मी दहा वेळा चढणार होते, आणि तो न सांगता माझ्याबरोबर चढणार होता.

मैदानाच्या कडेला तो हेल्मेट काढून उभा होता, ओशाळलेला. आईने त्याला जवळ घेतलं नाही. आधी त्याला वळवलं, पाठ बघितली, पुन्हा वळवलं. छातीपासून पोटापर्यंत चिखल, कोपरांवर गवताचे हिरवे ओरखडे. तिने अंगठ्याने एक डाग घासून पाहिला, कामावर रोज घासत असेल तसा. मग तिथेच तळहात ठेवून उभी राहिली.

"हा इथे कोणाला धुवायला देऊ नकोस," ती म्हणाली. "असाच दे. मी घरी नेते."

शेजारी उभ्या कोचनी मान डोलावली. मी बाजूला उभी राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. ते आता बरोबर चाललं होतं. माझ्या त्या एका तासापायी हा शर्ट आज स्वच्छ राहिला असता.